गाडीतला स्टिरिओ आणि दहा नंबरचा पाना

आज आम्ही पापडाचं बोलणार नाही, कर्जाच्या हप्त्याचंही नाही. आज गाडीत बसवलेल्या स्टिरिओचं बोलायचं आहे. हसू नका. या स्टिरिओपायी आमच्या गटाची गाडी जळता जळता राहिली, आणि गाडीत त्या वेळी आमच्यातल्या चौघीजणी होत्या.

आमची गाडी तुम्ही पाहिली असेल. पांढरी ओम्नी, २०१० सालची, दोन वर्षांपूर्वी जुनी घेतली. आम्ही बाराजणी, आणि बाराजणींच्या बचतीतून आणि बँकेच्या कर्जातून ती आली. बाजाराच्या दिवशी पापड, कुरडया, चटण्या, दिवाळीत फराळ, असा माल तिच्यातून जातो. चालवतात आमच्या ड्रायव्हर वहिनी. गटाच्या ठरावानं त्यांना लायसन्स काढायला लावलं, आणि आता त्या खिंडीतल्या वळणावर ट्रकवाल्यालाही वाट देत नाहीत इतक्या तयार झाल्यात.

स्टिरिओ हवा कशाला, असं कुणीही विचारेल. आमच्या थोरल्या काकूंनी बैठकीत तेच विचारलं होतं. "गाडी माल न्यायला घेतली का गाणी ऐकायला?" त्यांचं चुकीचं नव्हतं. पण झालं असं, की आपल्या या रेडिओवर बायकांचा कार्यक्रम लागतो दुपारी चारला, आणि बाजाराच्या दिवशी त्या वेळेला आम्ही परतीच्या रस्त्यावर असतो. म्हणजे ज्यांच्यासाठी कार्यक्रम, त्याच ऐकायला नाहीत. मोबाइलवर रेडिओ लागतो, पण त्याला कानातली वायर जोडावी लागते, कारण तीच वायर त्याची एरियल असते. ती एकीनं कानात घालायची आणि बाकीच्यांना सांगत बसायचं, "आता ह्या म्हणतात की..." आणि गाडी चालवणाऱ्या बाईनं तर कानात काही घालायचंच नाही.

शेवटी ठराव झाला. स्टिरिओ २,२०० रुपयांच्या आत, स्पीकरची जोडी १,१००, बसवायचे ६००. काकूंनी सही केली, पण सही करताना म्हणाल्या, "मी विरोधात होते असं लिहा." ते लिहिलं. आमच्या इतिवृत्ताच्या वहीत आजही आहे.

हायवेवरच्या एका दुकानात गाडी नेली. दुकानाचं नाव सांगत नाही, आणि पुढचं सगळं ऐकल्यावर तुम्हीही विचारू नका. दुकानातल्या पोरानं चाळीस मिनिटांत काम उरकलं. आम्ही काय केलं? समोरच्या टपरीवर चहा पीत बसलो. मालाचं वजन करताना आम्ही काट्यावरची नजर हलू देत नाही, आणि स्वतःच्या गाडीची वायर कापली जाताना पाठ फिरवून बसलो. पोरानं गाणं लावून दाखवलं, आवाज मोठा केला, आम्ही खूश. बिल मागितलं नाही. पैशांची नोंद म्हणून त्यानं सिगारेटच्या पाकिटावर आकडा लिहून दिला, तोच वहीला टाचला.

पहिले पंधरा दिवस मजेत गेले. मग एका सोमवारी सकाळी वहिनींनी चावी फिरवली तर गाडी गप्प. टिक एवढाही आवाज नाही. शाळेत निघालेल्या पोरांनी धक्का मारला, गाडी चालू झाली. बॅटरीवाल्यानं सांगितलं, बॅटरी संपली, नवी घ्या. घेतली. ३,४०० रुपये. पुढच्या रविवारी गाडी घरी उभी होती, आणि सोमवारी पुन्हा तेच. नवी बॅटरी, आणि पुन्हा धक्का.

आता गटात काय काय बोललं गेलं ते सांगत नाही. एवढंच सांगते की वहिनी रडल्या. लाइट चालू ठेवून येते, लक्ष नाही, बाईच्या हाती गाडी दिली की असंच, हे गावातनं आलं आणि थोडं आमच्यातनंही आलं. चूक वहिनींची नव्हती. पण ती कुणाची, हे दाखवायला आमच्याकडे तेव्हा काही नव्हतं. बिलसुद्धा नव्हतं.

आणि मग दिवाळीच्या आधीचा बाजार. गाडीत फराळाचे डबे गच्च भरलेले, पुढे वहिनी आणि काकू, मागे डब्यांच्या मधे दोघी. खिंड चढून वर आलो आणि वास आला. रबर जळल्याचा. आधी वाटलं पुढच्या ट्रकचा असेल. मग काकू म्हणाल्या, "अगं, माझ्या मांडीखालनं धूर येतोय."

ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगायला हवं, ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटच्या खाली असतं. इतर गाड्यांसारखं पुढे बॉनेटमध्ये नाही. सीट उचलली की खाली इंजिन. तेव्हा सीटखालून धूर म्हणजे काय ते समजून घ्या.

वहिनींनी गाडी कडेला घेतली, चावी काढली. सगळ्याजणी खाली उतरल्या. चावी काढली तरी धूर थांबेना. हे आमच्या डोक्यातच बसेना, कारण गाडी बंद म्हणजे सगळं बंद असं आम्ही धरून चाललो होतो. बॅटरीची वायर सोडवायची हे वहिनींना सुचलं, पण बोल्ट घट्ट, आणि गाडीत पाना नाही. जॅक होता, जास्तीचं चाक होतं, पाना नव्हता. मागून दुधाची गाडी आली. त्या दादांनी दहा नंबरचा पाना दिला आणि ओरडून सांगितलं, "आधी काळी काढा, काळी!" म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह बाजू. ती सुटली आणि धूर हळूहळू बसला. सीट उचलली तर खाली एक पिवळी वायर, हातभर लांब, वरचं प्लास्टिक वितळून नुसती तांब्याची तार उरलेली, आणि शेजारच्या फोमला बोटभर काळा डाग. आणखी थोडा वेळ गेला असता तर फोम पेटला असता, आणि वर डालड्यातल्या शंकरपाळ्यांचे डबे.

त्या दादांचं नावही विचारायचं राहून गेलं. ऐकत असाल तर आमच्या शेडवर या. चकल्या ठेवल्यात.

आता हे का झालं, ते आम्हाला कळलं कसं? आमच्यातल्या एका मावशींची मुलगी आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड करते. दिवाळीला घरी आली होती. तिनं सीट उचलली, डॅशबोर्डमधला स्टिरिओ बाहेर ओढला, मागचा गुंता पाहिला आणि पहिलं वाक्य म्हणाली, "ह्यांनी फ्यूजच ठेवला नाही." मग आमच्या शेडवर खडूनं फरशीवर चित्र काढून तिनं आम्हाला शिकवलं. तेच आता तुम्हाला सांगतो. तुमच्याकडे जीप असो, जुनी मारुती असो, मालकाचा टेम्पो असो, काम सारखंच.

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक स्टिरिओच्या मागे वायरींचा एक झुबका असतो. त्यात करंट घेणाऱ्या मुख्य वायरी तीन. पिवळी, लाल आणि काळी. काळी म्हणजे अर्थ, ती गाडीच्या लोखंडी बॉडीला जोडायची. पिवळी थेट बॅटरीच्या करंटवर, चावी असो नसो, कायम चालू. तिच्यावर स्टिरिओची आठवण राहते, म्हणजे घड्याळ आणि आपण लावून ठेवलेली स्टेशनं. त्याला करंट अगदी नाममात्र लागतो, मुंगी साखर नेते तेवढा. लाल वायर मात्र चावीवर. चावी एक घर फिरवली की करंट यावा, चावी काढली की जावा. लाल वायर म्हणजे स्टिरिओला "आता उठ" आणि "आता झोप" सांगणारी.

आमच्या गाडीत त्या पोरानं लाल आणि पिवळी दोन्ही एकत्र पिळून बॅटरीला थेट जोडली होती. सोपं काम. चावीवरची वायर शोधायला नको, डॅशबोर्ड उघडायला नको. पण त्यामुळे स्टिरिओला झोप नाहीच. बटण दाबून बंद केला तरच बंद. आमच्याकडे व्हायचं असं, की वहिनी आवाज शून्यावर आणून गाडी लावायच्या. आवाज नाही म्हणजे बंद, असंच कुणालाही वाटेल. वर गाडीवर ताडपत्री, त्यामुळे आतला उजेड दिसायचा नाही.

मुलीनं मीटर लावून मोजलं. आवाज शून्य, पेनड्राइव्ह लावलेला, आणि सेट खातोय पाऊण अँपिअर. पाऊण म्हणजे काहीच नाही असं वाटतं. तिनं हिशोब मांडायला लावला. शनिवारी रात्री आठला गाडी लावली, सोमवारी पहाटे सहाला काढली, तास झाले ३४. पाऊण गुणिले ३४, साडेपंचवीस. आणि आमची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. म्हणजे ३५ पैशांच्या गल्ल्यातून साडेपंचवीस गेले, साडेनऊ उरले. आणि गाडी चालू करायला स्टार्टर एका झटक्यात शंभरच्या आसपास अँपिअर ओढतो. कुठून देणार बॅटरी?

हा हिशोब मांडला तेव्हा शेडमध्ये कुणी बोललं नाही. मग काकू वहिनींच्या जवळ जाऊन बसल्या. ३,४०० रुपयांची जुनी बॅटरीही बहुतेक चांगली होती, पण ती बदल्यात देऊन टाकली होती.

आता धुराचं. बॅटरीपासून डॅशबोर्डपर्यंत आणलेली ती पिवळी वायर पोरानं सीटखालून नेली होती, इंजिनाच्या झाकणाला चिकटून. एक तर तिथे उष्णता. त्यातून ओम्नीची सीट इंजिन पाहायला उचलावी लागते, आणि ऑइल पाहायला आम्ही ती दर आठवड्याला उचलतो. दर वेळी सीटच्या लोखंडी कडेखाली वायर चेंगरायची. चेंगरून चेंगरून प्लास्टिक फाटलं, तांब्याची तार बॉडीला टेकली. बॉडी म्हणजे बॅटरीची दुसरी बाजू. मग करंटला अडवणारं काहीच राहिलं नाही, तार इस्त्रीच्या कॉइलसारखी तापली. मुलगी म्हणाली ते आम्ही वहीत लिहून ठेवलं आहे: १२ व्होल्टचा शॉक लागत नाही, म्हणून लोक त्याला घाबरत नाहीत, पण आग १२ व्होल्टनंही लागते.

इथे फ्यूज असता तर काय झालं असतं? तार टेकल्याबरोबर फ्यूज उडाला असता, स्टिरिओ बंद पडला असता, आणि आम्ही "रेडिओ बिघडला वाटतं" म्हणत बाजारात पोचलो असतो. दहा रुपयांची वस्तू.

स्टिरिओच्या पाठीला स्वतःचा एक फ्यूज असतो. पण तो स्टिरिओला वाचवतो, वायरीला नाही. बॅटरीपासून नवी वायर ओढली तर तिचा वेगळा फ्यूज बॅटरीच्या जवळ हवा, वीतभर-हातभर अंतरात. कारण फ्यूजच्या आधीचा जेवढा तुकडा, तेवढा उघडाच. फ्यूजला रंग असतात, ते एकदा पाठ केले की विसरत नाही. लाल दहा अँपिअरचा, निळा पंधराचा, पिवळा वीसचा. साध्या स्टिरिओला दहाचा पुरतो. तो वारंवार उडतो म्हणून वीसचा घालायचा, किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवायची, हे प्रकार सर्रास चालतात. फ्यूज उडतोय म्हणजे कुठेतरी तार टेकतेय. ती शोधायची.

एका रविवारी आम्ही स्टिरिओ पुन्हा बसवला. आमच्या हातांनी. मुलगी सांगत होती, हात वहिनींचे आणि आमचे. सुरुवात दहा नंबरच्या पान्यानं. बॅटरीची काळी बाजू आधी सोडायची, कारण आधी लाल सोडायला गेलात आणि पाना चुकून बॉडीला टेकला, तर ठिणगी उडते आणि पाना हातात चटका देतो. काळी आधी सुटली की मग भीती नाही. जोडताना उलटं, काळी शेवटी.

चावीवरची वायर शोधायला मुलीनं एक बल्ब आणला होता. गाडीच्याच १२ व्होल्टचा, दोन वायरी काढलेला. तेवढ्यापुरती बॅटरी पुन्हा जोडली. बल्बची एक वायर बॉडीला, दुसरीचं टोक डॅशबोर्डमागच्या एकेका वायरीला लावून पाहायचं. जिथे चावी फिरवल्यावर बल्ब लागतो आणि चावी काढल्यावर विझतो, ती आपली. हे शोधावंच लागतं, कारण पिवळी-लाल-काळी हे रंग स्टिरिओच्या वायरींचे. गाडीच्या स्वतःच्या वायरींचे रंग कंपनीप्रमाणे वेगळे. रंगाला रंग जोडत बसलात तर फसाल. आमची सापडायला पाऊण तास लागला, आणि सापडली तेव्हा वहिनींनी बल्ब लावून विझवून पाच वेळा पाहिला. कशाला, असं कुणी विचारलं नाही.

सगळे जोड पूर्वी नुसते पिळून वर चिकटपट्टी लावलेले होते. उन्हात चिकटपट्टीचा डिंक पातळ होतो आणि ती सुटते. मुलीनं पुण्याहून तपकीर गल्लीतून जोडाच्या पितळी टोप्या, फ्यूजची डबी आणि स्टिरिओच्या मागे लागणारा कपलर आणला होता, सगळं मिळून दोनशेच्या आत. कपलर असला की गाडीची मूळ वायर कापावी लागत नाही. स्टिरिओ काढला तर फक्त कपलर ओढायचा. पोरानं आमची कापलीच होती, म्हणून एकदाच नीट जोड करून पुढे कपलर लावला. करंटची वायर बदलून दीड एमएमची घेतली, बारीक बारीक तारांची, लवचीक. सीटखालून नाही, दरवाज्याच्या पट्टीखालून नेली, आणि जिथे पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबरी वायसर घातला.

काळ्या वायरीची एक गंमत. ती आधी डॅशबोर्डच्या एका स्क्रूला गुंडाळलेली होती, आणि त्या स्क्रूखाली रंग. रंगावर अर्थ होत नाही. म्हणूनच आमच्या स्टिरिओत एक शिट्टी यायची, गाडीचा वेग वाढला की चढायची, कमी झाला की उतरायची. आम्हाला वाटायचं स्टेशनच खराब. मुलीनं कानशीनं रंग खरवडून चकचकीत पत्र्यावर वायर घट्ट आवळली आणि शिट्टी गेली.

स्पीकरच्या वायरी जोडीनं येतात. पांढरी आणि पांढऱ्यावर काळी रेघ, ही पुढच्या डाव्या स्पीकरची. राखाडी आणि तिच्यावर रेघ, पुढच्या उजव्याची. रेघवाली ती निगेटिव्ह. मागच्यांना हिरवी आणि जांभळी. आमच्या दोन स्पीकरांपैकी एक उलटा जोडलेला होता. बिघडत काही नाही, पण एक पडदा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो, आणि आवाजातला जाडपणा मरतो. लावणीतली ढोलकी ऐकू येत नव्हती ती त्यामुळे. स्पीकरची बाजू कळत नसेल तर दीड व्होल्टचा विजेरीचा सेल क्षणभर टेकवायचा. पडदा बाहेर आला तर सेलच्या प्लसला लागलेली ती प्लस. आणि स्पीकरची निगेटिव्ह बॉडीला जोडून वायर वाचवायची नाही. फार जुन्या रेडिओंना ते चालायचं, हल्लीचे सेट त्यानं जळतात.

स्टिरिओच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात "५० गुणिले ४ वॅट" लिहिलं होतं, आणि त्यावर भुलून आम्ही तीनशे रुपये जास्त दिले होते. मुलीनं हाही हिशोब करायला लावला. सेटच्या मागचा फ्यूज दहाचा. गाडी चालू असताना बॅटरीवर साधारण १४ व्होल्ट. दहा गुणिले १४, १४० वॅट. एवढाच करंट आत जाऊ शकतो, तोही सगळा धरला तर. मग बाहेर २०० कुठून येणार? एका गुंडीतून १४० पापड लाटायचे आणि २०० चं बिल करायचं, तसं झालं हे. खरी ताकद दर स्पीकरमागे पंधरा-वीस वॅट असते, आणि ती ओम्नीला भरपूर आहे.

आता ज्यासाठी हे सगळं केलं ते, म्हणजे आपला रेडिओ. सामुदायिक रेडिओला ताकद शंभर वॅटचीच ठेवावी लागते, त्यामुळे तो दहा-पंधरा किलोमीटरपर्यंत जातो, मधे डोंगर आला तर त्याहून कमी. आमच्या गाडीत काचेला चिकटवायची एरियल दिली होती, कागदी पट्टीसारखी. ती खिंडीच्या पलीकडे निरुपयोगी. खिंड ओलांडली की नुसती खरखर, आणि कार्यक्रम तर नेमका तेव्हाच. मुलीनं सांगितलं, दांडीची एरियल लावा, पुढच्या खांबाला पत्र्यावर आवळून. दांडी किती लांब हवी त्याचंही गणित आहे. ९०.४ वर आपली लाट साधारण ३.३ मीटर लांब, तिचा चौथा हिस्सा ८३ सेंटिमीटर, म्हणजे पावणेतीन फूट. बाजारात तेवढी मिळतेच. तिचा तळ पत्र्याला नीट भिडला पाहिजे, तिथेही रंग खरवडला. आता खिंड ओलांडल्यावरही आपलं स्टेशन लागतं, फक्त तळ्याजवळच्या वळणावर दोन मिनिटं जातं. त्याला इलाज नाही, मधे डोंगरच आहे.

दोन गोष्टी जाता जाता. तुमच्या गाडीत गॅसचं किट असेल तर वायरीचं काम किट बसवणाऱ्याला विचारल्याशिवाय करू नका, आणि घरच्या सिलिंडरचा गॅस गाडीत भरत असाल तर ते आधी थांबवा, तो गुन्हाही आहे आणि सीटखाली बॉम्बही. दुसरं, स्टिरिओ झाला म्हणून टपावर भोंगा लावून माल पुकारायचा आमचाही विचार होता. भोंग्याला लेखी परवानगी लागते, आणि रात्री दहा ते सकाळी सहा तर लावायचाच नाही. आम्ही विचार सोडला. माल पुकारायला काकूंचा आवाज पुरतो.

त्या दुकानात आम्ही गेलो का? गेलो. सहाजणी, जळकी वायर पिशवीत घालून. मालक म्हणाले, "ताई, सगळ्या गाड्यांना असंच करतो, तुमच्याच गाडीला कसं झालं?" आम्ही म्हणालो, मग बाकीच्या गाड्यांची नावं द्या, आम्ही जाऊन सांगतो. ते गप्प झाले. मग म्हणाले, आमच्याकडेच बसवला कशावरून, बिल दाखवा. बिल कुठे होतं? पाकिटावरचा आकडा काढून दाखवला. अक्षर त्या पोराचंच होतं, पोरगं तिथेच उभं, मान खाली घालून. ६०० रुपये परत दिले. बॅटरीचे नाही दिले, बिलाशिवाय आम्हालाही भांडता आलं नाही. पोराला आमच्या मुलीनं तिथेच फ्यूज कुठे लावायचा ते दाखवलं. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. १७-१८ वर्षांचं असेल.

तेव्हापासून गाडीचं कुठलंही काम असो, आमच्यातली एकजण मिस्त्रीच्या शेजारी उभी राहते, आणि चहा तिथेच मागवते. चार गोष्टी विचारते. लाल वायर चावीवर घेतली का, फ्यूज कुठे आणि कितीचा, वायर कुठून नेली, बिल. सुरुवातीला मिस्त्री चिडतात. एकानं तर वहिनींना म्हटलं, "बाई, तुम्ही गाडी चालवता तेवढं पुरे." वहिनींनी त्याला चावी परत मागितली आणि गाडी दुसरीकडे नेली.

काकूंचं सांगायचं राहिलं. दहा नंबरचा पाना आता त्यांच्या पिशवीत असतो, पानाच्या डब्यासोबत. गाडीत ठेवला तर कुणीतरी नेईल म्हणतात. सोबत एका पुडीत दहाचे तीन लाल फ्यूज. इतिवृत्तातली विरोधाची नोंद खोडायची का, म्हणून गेल्या बैठकीत विचारलं, तर म्हणाल्या, "राहू दे. विरोध होताच माझा." आणि चार वाजता सगळ्यात आधी बटण त्याच दाबतात.

आज बाजाराचा दिवस आहे, आणि हे भाषण लागत असताना गाडी खिंडीच्या आसपास असेल. वहिनी, तळ्याच्या वळणावर आवाज गेला तर घाबरू नका, पुढे येतोच. आणि येताना वेशीवर थांबा, खालच्या आळीच्या गटाला त्यांच्या टेम्पोची वायरिंग पाहायची आहे. पाना काकूंकडून मागून घ्या.